हवा न मोजता ओतलेले इंधन

२०२५च्या ऑगस्टमध्ये ई२० पेट्रोलवरून देशभर जो गदारोळ उठला, त्यात दोन आवाज सर्वांत मोठे होते. एकाचे म्हणणे असे की, २० टक्के इथेनॉलने इंजिने जळाली, पंप गंजले आणि अ‍ॅव्हरेज धुळीला मिळाले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सारे काही उत्तम आहे, गाड्या उलट अधिक चपळ झाल्या आहेत, आणि शंका काढणाऱ्यांचे हितसंबंध तपासले पाहिजेत. दोन्ही बाजू अनेक आठवडे भांडल्या. ज्या एका आकड्यावर हा वाद मिटू शकला असता, तो मात्र कोणीही पुढे ठेवला नाही. पूर्ण थ्रॉटलवर, भाराखाली, त्या विशिष्ट इंजिनात हवेचे आणि इंधनाचे प्रमाण नेमके किती होते?

हाच आकडा गल्लीतल्या गॅरेजांतूनही बेपत्ता आहे. मोटारसायकलला ‘परफॉर्मन्स’ आणण्यासाठी फ्री-फ्लो एअर फिल्टर बसवला जातो, मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर लावला जातो. मग कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट दोन नंबरांनी वाढवला जातो, इंजेक्शन असेल तर कुणीतरी कुठूनतरी मिळवलेली रिमॅपची फाइल ईसीयूत भरली जाते. आवाज वाढतो, गिऱ्हाईक खूश होते, पैसे चुकते होतात. हवा किती वाढली हे कोणी मोजलेले नसते. इंधन किती वाढवायला हवे होते, हे त्यामुळे कोणालाच ठाऊक नसते.

राष्ट्रीय इंधनधोरण आणि हौशी स्वारांचा छंद हे दोन वेगळे विषय भासतात. त्यांच्यामागचे गणित एकच आहे. रस्त्यावर रोज चालणारे, पण मूळ रचनेपेक्षा अधिक ताकद देणारे इंजिन बांधणारा प्रामाणिक कारागीर जो पहिला धडा शिकतो, तोच धडा ई२०चे गुणगान करणाऱ्यांनी वगळला आणि ई२०ला शिव्या घालणाऱ्यांनीही वगळला.

धडा असा. इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. इंधन वाढवल्याने ताकद वाढते ही समजूत उलटी आहे. इंधन टाकीतून हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र झडपा, नळ्या, कॅम आणि फेऱ्या जेवढी आत येऊ देतील तेवढीच येते. ताकदीची कमाल मर्यादा हवा ठरवते, इंधनाने तिच्या वस्तुमानाच्या हिशेबाने मागोमाग जायचे असते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वस्तुमानाच्या जवळजवळ ३५ टक्के. म्हणून त्याच्या एका किलोला केवळ ९ किलो हवा पुरते. मिश्रण केले की प्रमाण सरकते: ई१०साठी ते सुमारे १४.१, ई२०साठी सुमारे १३.५.

इथे अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक प्रश्न विचारणे भाग आहे. परीक्षेत ‘पेट्रोल इंजिनासाठी हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण’ विचारले की विद्यार्थी आजही १४.७ लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. ज्या इंधनासाठी तो आकडा खरा आहे, ते इंधन देशातल्या सर्वसाधारण पंपावर मिळत नाही. अंतर्ज्वलन इंजिनाचा तास ज्या इमारतीत भरतो, तिच्या फाटकासमोरच्या पंपावर काय विकले जाते याची वर्गात दखलही नसावी, ही शिक्षणाची लाज आहे.

ट्यूनिंग करणारे जाणकार म्हणूनच प्रमाणाच्या आकड्याऐवजी ‘लॅम्डा’ वापरतात. प्रत्यक्ष प्रमाणाला त्या इंधनाच्या अचूक प्रमाणाने भागले की लॅम्डा मिळतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन तंतोतंत. १पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, गॅरेजच्या भाषेत ‘रिच’. १पेक्षा अधिक म्हणजे हवा जास्त, ‘लीन’. पूर्ण थ्रॉटलवर नैसर्गिक श्वसनाचे इंजिन साधारण ०.८८च्या आसपास ठेवतात, कारण तिथे ताकद जवळजवळ कमाल असते आणि जादा इंधनाच्या बाष्पीभवनाने पिस्टनचा माथा व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडे थंड राहतात. बाजारात मिळणारे बहुतेक वाइडबँड मीटर लॅम्डाच मोजतात आणि पडद्यावर दाखवताना त्याला १४.७ने गुणतात. म्हणजे टाकीत ई२० असताना मीटरवर १२.९ दिसले, तरी त्याचा अर्थ लॅम्डा ०.८८ एवढाच, खरे प्रमाण तेव्हा ११.९ असते. हे न समजल्यामुळे नवखे ट्यूनर एकच दुरुस्ती दोनदा करतात किंवा एकदाही करत नाहीत.

आता एका साध्या यंत्रावर हिशेब मांडावा. ३५० सीसीचे एकसिलिंडर, चार-स्ट्रोक इंजिन, मिनिटाला ६००० फेऱ्या. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते, म्हणजे मिनिटाला ३००० श्वास. भरणक्षमता ८५ टक्के आणि हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो धरली, तर सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम हवा आत जाते. शुद्ध पेट्रोलवर लॅम्डा ०.८८ राखायचा, तर सेकंदाला १.३ ग्रॅमच्या किंचित वर इंधन हवे. मूळ मांडणी अशी ठीक चालली आहे असे समजू.

मग फिल्टर आणि सायलेन्सर बदलले, आणि समजा काम खरेच चांगले झाले: भरणक्षमता ८५वरून ९२ टक्क्यांवर गेली. हवा ८ टक्क्यांनी वाढली. लहान मोटारसायकलींच्या ईसीयूला हवेचे वस्तुमान प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर बहुधा नसतो. थ्रॉटल किती उघडा, फेऱ्या किती, तापमान व दाब किती, यांवरून ती कारखान्यात भरलेल्या तक्त्यातून इंधन काढते. तक्त्याला नवा सायलेन्सर ठाऊक नाही. इंधन तेवढेच राहते आणि लॅम्डा ०.८८वरून ०.९५वर जातो. आता टाकीत शुद्ध पेट्रोलऐवजी ई२० आले. तेवढ्याच लिटर इंधनाला आता सुमारे ७ टक्के कमी हवा लागते. लॅम्डा ०.९५वरून सुमारे १.०२वर सरकतो.

हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. पूर्ण थ्रॉटलवर, जिथे इंजिन सर्वांत तापते, तिथे थंडाव्यासाठी राखलेले सारे जादा इंधन संपले आणि वर थोडी हवा उरली. एक्झॉस्टचे तापमान याच प्रदेशात सर्वाधिक असते. ताकदही काही टक्क्यांनी घटते, म्हणजे फिल्टर-सायलेन्सरने जी ८ टक्के हवा कमावली, तिचा मोठा वाटा इंधन न पोहोचल्याने वाया गेला. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते प्रामुख्याने आवाजासाठी. आणि हे दोन धक्के एकमेकांवर चढले ते एका कारणाने: हवा बदलणाऱ्याने इंधनाचा विचार केला नाही, आणि इंधन बदलणाऱ्याने हवेचा हिशेब लोकांना सांगितला नाही.

यावर दोन्ही गोटांतून एकच उत्तर येते: ‘ईसीयू शिकते.’ हे वाक्य अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य म्हणूनच ते घातक आहे. ईसीयू शिकते ती एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे. साध्या गाड्यांत हा सेन्सर नॅरोबँड असतो. लॅम्डा १च्या या बाजूला की त्या बाजूला, एवढेच तो खात्रीने सांगतो. आयडल, संथ वेग, एकसारखा प्रवास या स्थितींत ईसीयू त्याचे ऐकते आणि इंधन दुरुस्त करते. थ्रॉटल पूर्ण उघडला की तिला ०.८८ हवे असते, आणि ०.८८ व ०.९५ यांतला फरक त्या सेन्सरला सांगता येत नाही. तेव्हा ती सेन्सरकडे दुर्लक्ष करून तक्त्यावर चालते. संथ वेगात शिकलेली दुरुस्ती पूर्ण थ्रॉटलवरही लागू करणाऱ्या ईसीयू आहेत, न करणाऱ्याही आहेत. कोणत्या गाडीत काय, हे ती बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते आणि विकत घेणाऱ्याला नसते. शिवाय त्या दुरुस्तीला वरची मर्यादा असते. स्वाराने आधीच मोकळा सायलेन्सर लावून ती मर्यादा गाठत आणली असेल, तर ई२०साठी शिल्लक काय राहणार?

आणि कार्ब्युरेटर तर काहीच शिकत नाही. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू होईपर्यंत देशातल्या लहान मोटारसायकली आणि स्कूटर बहुतांश कार्ब्युरेटरवर चालत होत्या आणि त्यांतल्या असंख्य आजही रस्त्यावर आहेत. पितळी जेटच्या भोकाला लॅम्डा कळत नाही. गमतीचा भाग असा की, हीच गाडी लेहला नेली तर उलटे घडते. ३५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांवर येते, कार्ब्युरेटरचे मिश्रण १५-१६ टक्क्यांनी रिच होते आणि तिथे ई२०चे लीन होणे काही अंशी पथ्यावरच पडते. लडाखला जाऊन आलेला एखादा स्वार ‘ई२०वर गाडी मस्त पळाली’ असे सांगेल आणि नागपूरच्या मे महिन्यात महामार्गावर तीच गाडी दामटणारा नेमके उलटे सांगेल. दोघेही खरेच बोलत असतील. अनुभवाच्या किश्श्यांवर चाललेला वाद का मिटत नाही, याचे एवढे उदाहरण पुरे.

आता इंधनपुरवठ्याची बाजू, कारण इथेच अर्धशिक्षित ट्यूनिंगचा खरा उघडेपणा दिसतो. ६००० फेऱ्यांवर एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. मूळ इंजेक्टर त्यांपैकी १५ मिलिसेकंद उघडा राहतो असे समजावे. त्यातला सुमारे १ मिलिसेकंद सुई उचलण्यातच जातो, कामाचे १४. वरच्या उदाहरणातली हवेची वाढ आणि ई२० मिळून साधारण १६ टक्के अधिक इंधन हवे. कामाचे १४ आता १६.३ होतात, सुईचा १ धरून १७.३ मिलिसेकंद. चक्राचा ८६ टक्के वेळ. जाणकार बांधणारे साधारण ८५ टक्क्यांच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे सुईला नीट मिटायला उसंत मिळत नाही, इंजेक्टर तापतो आणि राखीव काहीच उरत नाही. आता त्यात कॅम बदलून तीच भरणक्षमता ७००० फेऱ्यांपर्यंत नेली, तर पूर्ण चक्रच १७.१ मिलिसेकंदांचे. लागणारा वेळ उपलब्ध वेळेपेक्षा मोठा झाला. रिमॅपच्या फाइलमध्ये कोणताही आकडा लिहिला, तरी तेवढे इंधन त्या भोकातून बाहेर पडणार नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर आलेख सुरेख दिसेल आणि इंजिन लीन चालेल.

‘मग दाब वाढवा’ हा गॅरेजमधला ठरलेला उपाय. दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो. ३ बारवरून ३.५ बार केले, म्हणजे दाब जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढवला, तर इंधन वाढते केवळ ८ टक्के. आणि वाढलेल्या दाबाविरुद्ध टाकीतला पंप कमी इंधन ढकलू लागतो ते वेगळेच. ‘मग मोठा इंजेक्टर घाला’ हा दुसरा उपाय. तो बरोबर आहे, पण त्याची किंमत आयडलवर मोजावी लागते. मूळ इंजेक्टर आयडलला जेमतेम दोनेक मिलिसेकंद उघडत असेल आणि त्यातला निम्मा वेळ सुईच्या हालचालीतच जात असेल, तर दीडपट मोठ्या इंजेक्टरला उरलेला वेळ इतका तोकडा होतो की प्रत्येक चक्रात इंधन कमी-जास्त पडू लागते. सिग्नलवर गाडी अडखळते, बंद पडते, पेट्रोलचा वास येतो. शर्यतीच्या गाडीला हे चालते. भाजी आणायला, कामावर जायला, पावसात घाट चढायला जी गाडी न्यायची, तिला चालत नाही. रस्त्यावरचे परफॉर्मन्स इंजिन बांधणे हे शर्यतीच्या इंजिनापेक्षा अवघड आहे ते याच अर्थाने: त्याला दोन टोके सांभाळायची असतात.

हवेच्या बाजूलाही हीच अडाणी हाव दिसते. मोठा थ्रॉटल बॉडी, मोठी नळी, मोठे भोक. नळी रुंद केली की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो, इंधनाचे थेंब भिंतीला चिकटतात, सिलिंडर भरण्यात हवेच्या गतीची जी मदत होते ती जाते. शहरातली मोटारसायकल आयुष्याचा फार मोठा भाग ३००० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान काढते. तिथली ओढ घालवून ८००० फेऱ्यांवर दोन अश्वशक्ती मिळवणारा डायनोवरचा कागद जिंकतो आणि रस्त्यावर प्रत्येक उड्डाणपुलाच्या चढावर हरतो.

ज्यांना हा तोल शिकायचा आहे, त्यांच्यासाठी देशातच एक उत्तम शाळा आहे. कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर भरत आलेल्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या आणतात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या या स्पर्धांचा नियम असा की, इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून गेली पाहिजे. त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की प्रवाह थांबतो. पुढे कितीही ओढले तरी सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅमपेक्षा अधिक हवा येत नाही. भारतीय संघांत केटीएम ३९०चे ३७३ सीसीचे इंजिन लोकप्रिय आहे. ते ९००० फेऱ्यांवर सरासरी ३२ ग्रॅम हवा मागते. ७४च्या तुलनेत ३२, म्हणजे चिंता नाही, असे वाटेल. पण एक सिलिंडर चक्राच्या साधारण पाव भागातच श्वास घेतो आणि तेवढ्या काळात त्याची मागणी चौपट, १२८ ग्रॅमच्या घरात जाते. सरासरीत पास झालेले इंजिन क्षणाच्या हिशेबात गुदमरते. म्हणून गळा आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवेची एक टाकी बांधावी लागते, जी उरलेल्या वेळात भरून घेते. ती लहान झाली तर इंजिन गुदमरते, अवास्तव मोठी झाली तर थ्रॉटल उघडल्यावर प्रतिसाद उशिरा येतो. विशीतली मुले हे रात्री जागून मोजतात.

त्याच प्रकारच्या नियमावलीत आणखी एक ओळ आहे, ती ई२०च्या वादात कोणीतरी मोठ्याने वाचायला हवी होती. इंधन पेट्रोलऐवजी ई८५ असेल, तर गळ्याचा व्यास २०ऐवजी १९ मिलिमीटर. क्षेत्रफळ जवळपास १० टक्क्यांनी कमी. कारण इथेनॉल वापरणाऱ्याला, त्याने इंधनपुरवठा नीट वाढवला असेल तर, फायदा मिळतो हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. इंधन बदलले की हवेचा हिशेबही बदलतो, हे विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला कळते.

म्हणजेच इथेनॉल हा खलनायक नाही. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा, संशोधन पद्धतीने १०८च्या आसपास. त्याच्या एका किलोचे बाष्पीभवन होताना सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, पेट्रोलच्या किलोला साधारण ३५०. आत येणारी हवा त्यामुळे थंड आणि दाट होते, नॉकिंग टळते, कॉम्प्रेशन किंवा ठिणगीची वेळ वाढवता येते. ज्याने इंजेक्टर, पंप आणि तक्ता ई२०साठी बसवला आहे, त्याच्या हाती हे इंधन जुन्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलपेक्षा चांगलेच ठरते. ‘ई२०ने इंजिने फुटली’ असे ओरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यांपैकी अनेकांच्या आवडत्या परदेशी ट्यूनिंग चित्रफितींत ई८५चाच उदो उदो असतो. जुन्या रबरी नळ्या, सील, पाणी शोषल्याने होणारे गंज आणि पेट्रोलपासून पाण्याचा थर वेगळा होणे हे प्रश्न खरे आहेत, पण ते पदार्थांचे प्रश्न आहेत. मिश्रणाच्या प्रश्नाशी त्यांची खिचडी केली की उत्तर कशाचेच मिळत नाही.

पण फायदा मिळतो तो बसवलेल्या इंजिनाला. २०२५च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई२०मुळे वेग घेण्याची क्षमता आणि चालवण्याचा अनुभव सुधारतो असे सांगितले, तेव्हा ही अट वाक्याच्या मध्यभागी हवी होती. त्याच महिन्यातल्या निवेदनात, पहिल्या १ लाख किलोमीटरमध्ये दर १०,००० किलोमीटरला केलेल्या चाचण्यांत ताकद, टॉर्क आणि इंधनखप यांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे म्हटले होते. आणि त्याच निवेदनात ई२०साठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्के, तर इतरांचे ३ ते ६ टक्के घटते, असेही म्हटले होते. इंधनखपात फरक नाही आणि ६ टक्के फरक आहे, ही दोन विधाने एका कागदावर कशी नांदतात? नीती आयोगाने जून २०२१च्या आराखड्यात अधिक सरळ सांगितले होते: शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींत ई२०ने ६ ते ७ टक्के, दुचाकींत ३ ते ४ टक्के घट. हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्याचा पाचवा हिस्सा मिसळला की लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. बारावीचा विद्यार्थी वहीच्या कोपऱ्यात हे करू शकतो. अ‍ॅव्हरेज निम्मे झाले म्हणणाऱ्यालाही हीच वही दाखवता येईल.

त्याच आराखड्यानुसार एप्रिल २०२३पासून गाड्यांचे भाग ई२० सहन करणारे, पण इंजिन ई१०साठी जुळवलेले, आणि एप्रिल २०२५पासून इंजिनही ई२०साठी जुळवलेले, असा क्रम ठरला होता. क्रम शहाणपणाचा होता. मात्र मिश्रणाचे उद्दिष्ट २०३०वरून २०२५-२६वर आणले गेले आणि पंपावर इंधनाची निवड उरली नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निकाल धोरणापुरता आहे. २०१७ची मोटारसायकल ई२०वर कोणत्या लॅम्डाने चालते, हा प्रश्न न्यायालयासमोर सुटणारा नाही. तो पुण्याच्या एआरएआयमध्ये, देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत आणि इंडियन ऑइलच्या फरीदाबादच्या संशोधन केंद्रात सुटणारा आहे. तिथे साधने आहेत, माणसे आहेत. नाही ते एवढेच: गाडीच्या मॉडेलगणिक, पूर्ण थ्रॉटलवरचा लॅम्डा, एक्झॉस्टचे तापमान आणि इंजेक्टरचा उघडा वेळ यांचे तक्ते सर्वांना डाउनलोड करता येतील अशा रूपात. ते प्रसिद्ध झाले, तर अफवांचा धंदा एका आठवड्यात बसेल आणि जिथे धोका खरा आहे ती मॉडेले नावानिशी समोर येतील. कंपन्यांनाही मग बीएस-६च्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे २०२०नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांसाठी सर्व्हिसिंगच्या वेळी सुधारित तक्ता भरून देण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. काम एका केबलचे आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांसाठी एक नंबर मोठा जेट कोणता आणि कोणत्या मॉडेलला, एवढी शिफारस पुरेशी आहे. तो पितळी तुकडा फार महाग नसतो.

नियमनाची दुसरी बाजू याहून विनोदी आहे. अनेक शहरांच्या पोलिसांनी जप्त केलेले मोकळे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, छायाचित्रे छापून आली. आवाजाचा उपद्रव खरा आहे आणि शिक्षा रास्त आहे. पण त्या सायलेन्सरमुळे मिश्रणाचे काय झाले होते, हवेत काय सोडले जात होते, हे एकाही गाडीवर मोजले गेल्याचे दिसले नाही. आणि पीयूसी? चारचाकींना, निदान कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्यांना, २५०० फेऱ्यांच्या आसपास लॅम्डा १च्या ०.०३ इतक्या जवळ असल्याचे दाखवावे लागते. दुचाकींची तपासणी आयडलवरच, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनपुरती. देशातल्या वाहनांत दुचाकी बहुसंख्य असताना त्यांच्या मिश्रणाची सरकारी तपासणी नेमक्या त्या स्थितीत होते, जिथे ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी स्वतःला दुरुस्त करू शकते आणि कार्ब्युरेटरवाली मेकॅनिकच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या पाव फिरकीने पास होते. दुचाकींसाठी वाढलेल्या फेऱ्यांवरची लॅम्डा तपासणी आणण्यात तांत्रिक अडचण कोणती, हे परिवहन मंत्रालयाने एकदा सांगावे. पूर्ण भाराची चाचणी रस्त्याकडेच्या टपरीवर शक्य नाही हे मान्य. ३००० फेऱ्यांवर अर्धा मिनिट तरी शक्य आहे.

सध्या तिथे काय घडते? इंजिन आयडलवर धडधडत असते, नळी सायलेन्सरमध्ये सरकवली जाते, यंत्र दोन आकडे काढते, प्रमाणपत्र छापले जाते. स्वार ते डिकीत ठेवतो, शेजारच्या पंपावर ई२० भरतो आणि महामार्गाला लागताच थ्रॉटल शेवटपर्यंत पिळतो.